‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ : त्या रविवारची तबकडी

‘माय फूलिश हार्ट’चे पहिले स्वर पियानोवर उमटतात आणि थोड्याच वेळात त्यांच्या मागे काचेचे पेले किणकिणलेले ऐकू येतात. कुणीतरी हलक्या आवाजात बोलत असते, कुणीतरी हसते. हे आवाज २५ जून १९६१ या रविवारचे आहेत, न्यूयॉर्कमधील ग्रिनिच व्हिलेज भागातल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातील क्लबमधले आहेत, आणि मी ते वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, रात्री हरभऱ्याला पाणी चालू असताना ऐकतो. बिल इव्हान्स त्रयीची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही तबकडी मी दोन वर्षांपूर्वी मागवली. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच दिवसाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण असलेला तीन सीडींचा संच घेतला. या दोन वर्षांत मी दुसरे जॅझ ऐकले नाही असे नाही, पण दर वेळी फिरून याच रविवारपाशी आलो. ज्याला जॅझची ओळख करून घ्यायची आहे आणि ज्याचे कान भजन, पेटी आणि शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत घडलेले आहेत, अशा माणसाने सुरुवात याच तबकडीने करावी असे माझे ठाम मत झाले आहे.

त्रयी म्हणजे पियानोवर बिल इव्हान्स, डबल बास या उभ्याने वाजवायच्या, खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर स्कॉट लफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशियन. इव्हान्सने याच्या दोन वर्षे आधी, १९५९ मध्ये, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या गाजलेल्या ध्वनिमुद्रणात पियानो वाजवला होता, त्यामुळे जॅझ ऐकणाऱ्यांना त्याचे नाव ठाऊक असते. लफारो त्या दिवशी पंचवीस वर्षांचा होता. रिव्हरसाइड या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी निर्माता ऑरिन कीपन्यूज आणि ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स यांनी क्लबमध्येच यंत्र लावले. त्रयीने दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच फेऱ्या वाजवल्या. त्यातून पुढे दोन तबकड्या निघाल्या : आधी ‘संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि नंतर ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. एका दिवसाच्या वाजवण्यातून दोन तबकड्या निघाव्यात आणि त्या दोन्ही साठ वर्षांनंतरही पुन्हा पुन्हा छापल्या जाव्यात, हे भाग्य फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला आले असेल.

व्हॅनगार्ड ही जागा या ध्वनिमुद्रणाचा चौथा वादक आहे, असे मी म्हणेन. मॅक्स गॉर्डन यांचा हा क्लब १९३५ पासून सेव्हन्थ अॅव्हेन्यूवरच्या त्याच तळघरात आहे आणि आजही चालू आहे. खोली पाचरीसारखी निमुळती आहे आणि तिच्यात सव्वाशेच्या आसपास माणसे बसतात. मी तिथे गेलेलो नाही. तरी ध्वनिमुद्रण ऐकताना त्या खोलीचे आकारमान कानाला कळते, कारण पियानोचा नाद दूर जाऊन विरत नाही, तो जवळच्या भिंतीला टेकून परत येतो. आमच्या गावच्या भजनी मंडळाची बैठक समाजमंदिरात बसते, तेव्हा मागच्या बाजूला कपबश्यांचा आवाज होत असतो, एखादे मूल रडते, दारातून कुणी वाकून बघते आणि तरीही गाणाऱ्याचा सूर ढळत नाही. त्या सवयीमुळेच असेल, पण पेल्यांच्या किणकिणाटाची तक्रार करणाऱ्या श्रोत्यांशी मी कधीच सहमत होऊ शकलो नाही. तो आवाज काढून टाकला असता तर ही तबकडी स्टुडिओतली एक स्वच्छ आणि थोडी एकाकी वस्तू झाली असती. टाळ्या मात्र फार थोड्या आहेत आणि काही रचनांनंतर तर त्या इतक्या विरळ आहेत की मन खट्टू होते. समोर काय घडत आहे हे त्या खोलीतल्या किती जणांना जाणवले असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

‘माय फूलिश हार्ट’ हे त्या काळचे एक लोकप्रिय चित्रपटगीत आहे. इव्हान्स ते इतक्या संथ लयीत वाजवतो की दोन स्वरांमधल्या जागेत माणूस श्वास घेऊन परत येऊ शकेल. पाच मिनिटांच्या आत ही रचना संपते, पण ऐकणाऱ्याला ती लांब वाटते आणि ती तशी वाटावी हेच तिचे सामर्थ्य आहे. विलंबित ख्यालात गायक षड्जावर थांबतो तेव्हा त्या थांबण्यातही गाणे चालूच असते, त्याचीच आठवण इथे होते. इव्हान्स स्वर दाबून सोडून देत नाही, तो विरेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहतो. मोशियन तारेच्या ब्रशने ड्रमच्या कातड्यावर हळू घासतो आणि त्याचा आवाज सुपात जवारी पाखडल्यासारखा येतो, एका संथ वळणाने वर जाणारा आणि पुन्हा खाली बसणारा. झांजेवर तो मधूनच एखादा हलका स्पर्श करतो आणि त्या स्पर्शाची झळाळी बराच वेळ हवेत राहते. लफारो या रचनेत फार थोडे स्वर वाजवतो, पण तो खालचा एक स्वर लावतो तेव्हा पियानोच्या त्याच स्वरमेळाचा अर्थ बदललेला असतो. ज्यांनी तंबोऱ्याचा खर्ज लागल्यावर खोलीतली हवा बदललेली अनुभवली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरी रचना म्हणजे तबकडीला जिचे नाव दिले ती ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. डेबी ही इव्हान्सची पुतणी, त्याचा भाऊ हॅरी याची मुलगी. ही धून इव्हान्सने १९५६ सालच्या आपल्या पहिल्या तबकडीतही एकट्याने वाजवली होती. इथे ती सुरुवातीला पियानो आणि बास असे दोघेच मांडतात, तीन मात्रांच्या डौलात, जणू एखादी लहान मुलगी अंगणात एका पायावर उड्या मारत चालली आहे. धून संपते, मोशियन ब्रश घेऊन आत येतो आणि तीन मात्रांची चाल चार मात्रांवर येते. तो सांधा इतका सफाईदार आहे की पहिल्या दोन-तीन वेळा तो माझ्या लक्षातच आला नाही.

तो पकडला आमच्या गावच्या पेटीवाल्या काकाजींनी. काकाजींचे वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने त्यांनी लहानपणापासून ऐकली आणि चाळीसहून अधिक वर्षे भजनी मंडळात पेटी वाजवली. जॅझ हा शब्दही त्यांनी पूर्वी ऐकलेला नव्हता. एका संध्याकाळी ते घरी आले असताना तबकडी लावलेली होती. ते ओसरीवर बसले, चहा घेतला आणि न बोलता मांडीवर बोटांनी मात्रा मोजू लागले. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ची धून संपली तसा त्यांचा हात मांडीच्या वर तसाच थांबला. दोन आवर्तने त्यांनी नुसती ऐकली, मग पुन्हा बोटे चालू केली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आता चारावर गेला.” थोड्या वेळाने बासचे वादन पुढे आले तेव्हा ते खुर्ची सरकवून स्पीकरजवळ गेले. “बाबू, हा दुसरा मानूस साथ नाही करून रायला. हा तं बोलून रायला त्याच्याशी.” मी म्हणालो, “हो जी काकाजी, त्याच्यासाठीच मी हे आणलं.” या त्रयीबद्दल मी पुष्कळ ऐकले आणि वाचले आहे, पण तिचे मर्म याहून थोडक्यात सांगितलेले मला आठवत नाही.

कारण खरोखरच गोष्ट तेवढीच आहे. त्याआधीच्या बहुतेक जॅझ त्रयींत पियानो गात असे, बास मात्रेमात्रेला चालत ठेका धरत असे आणि ड्रम्स लय राखत असत, आणि प्रत्येकाची पाळी आली की तो थोडे वाजवून पुन्हा आपल्या जागी जात असे. आपल्याकडच्या बैठकीतही तबलजीला लग्गी लावायला मिळते आणि पेटीवाल्याला गायकाच्या मागून जागा भरायला मिळते, पण मुख्य कोण आणि साथीला कोण हे ठरलेले असते. इव्हान्सला हे ठरलेपण नको होते. तिघांनी एकाच वेळी, एकमेकांचे ऐकत बोलावे, असा त्याचा आग्रह होता. लफारोने तो प्रत्यक्षात आणला. तो बासच्या तारा दोन बोटांनी आळीपाळीने छेडत असे, त्यामुळे त्याच्या स्वरावलींना त्या अवजड वाद्यात सहसा न येणारी चपळाई येई. तो पियानोच्या वाक्याखाली दुसरे वाक्य टाकतो, कधी त्याला अडवतो, कधी ते पुरे होण्याआधीच त्याचा शेवट सुचवतो. त्याचा बास जुना होता, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतच अब्राहम प्रेस्कॉट यांनी घडवलेला, आणि त्याच्या वरच्या सप्तकातला आवाज बासापेक्षा सारंगीकडे अधिक झुकणारा आहे. मोशियनही मात्रा मोजून देत नाही. तो लय गृहीत धरतो आणि तिच्या कडेकडेने चालतो. समेची जागा तिघांना ठाऊक असते, पण ती हातावर हात मारून दाखवण्याची गरज त्यांतल्या एकालाही वाटत नाही.

पहिल्या बाजूची तिसरी रचना ‘डीटूर अहेड’ मला बाकीच्यांइतकी धरून ठेवत नाही. ती सुंदर आहे, पण ‘माय फूलिश हार्ट’ची संथ लय मनात ताजी असताना तिचे वेगळेपण पुरेसे उठून दिसत नाही. तबकडीवर ती दुसऱ्या बाजूला असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या बाजूची ‘सम अदर टाइम’ मात्र अशी आहे की तिच्यासाठी एक स्वतंत्र संध्याकाळ राखून ठेवावी. अमेरिकन संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांचे हे गीत आहे. त्याच्या आरंभी इव्हान्स दोन स्वरमेळांचा एक झोका बांधतो आणि तो झोका रचनेच्या खाली हलत राहतो. इव्हान्सविषयी वाचणाऱ्यांना आणि त्याच्या श्रोत्यांना ठाऊक असते की याच झोक्यावर बोटे फिरवताना १९५८ मध्ये त्याला ‘पीस पीस’ ही स्वतःची रचना सुचली होती आणि ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘फ्लॅमेन्को स्केचेस’च्या सुरुवातीलाही तोच झोका आहे. म्हणजे एकाच धाग्यावर तीन ठिकाणी तीन निरनिराळी वस्त्रे विणलेली आहेत. ती तिन्ही एकापाठोपाठ ऐकण्याचा प्रयोग मी श्रावणातल्या एका झडीच्या दिवशी, शेतात जाणे शक्यच नव्हते तेव्हा, केला. एकच राग एकाच गायकाकडून तीन वेगवेगळ्या प्रहरी ऐकावा तसा तो अनुभव होता. त्या तिन्हींत व्हॅनगार्डमधली ‘सम अदर टाइम’ मला सर्वांत जवळची वाटली, कारण तिथे झोका एकट्या इव्हान्सचा राहत नाही. लफारो तो उचलून धरतो आणि मग इव्हान्सला निर्धास्तपणे वर जाता येते. शेवटची ‘माइल्स्टोन्स’ ही माइल्स डेव्हिसची १९५८ सालची रचना आहे आणि तिच्यात लफारो अक्षरशः धावतो. शांत संगीताची आवड असलेल्यांना ती दाट वाटेल. मला तिच्यातली धग आवडते.

आता त्या तीन सीडींच्या संचाविषयी, ज्यात हा अख्खा दिवस जसा घडला त्याच क्रमाने दिला आहे. हा संच २००५ मध्ये निघाला. तो सुरू होतो लफारोच्या ‘ग्लोरियाज स्टेप’ने आणि ती रचना मध्येच तुटते, कारण ध्वनिमुद्रण चालू असताना वीज गेली होती. पूर्वीच्या तबकड्यांत हा तुकडा अर्थातच घेतला नव्हता. संपूर्ण संचात तो पहिल्याच जागी, तुटलेला, जसाच्या तसा ठेवला आहे. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा शेतातल्या खोलीत होतो. आमच्याकडे शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि रात्रपाळी असली की पंपाजवळ बसून राहावे लागते, कारण वीज गेली आणि परत आली तर मोटर पुन्हा चालू करायला माणूस हवा. स्वर तुटले तसा मी सवयीने आधी दिव्याकडे बघितले. दिवा चालू होता. वीज गेली होती ती तिकडे, १९६१ मध्ये. त्या क्षणी मला ती तीन माणसे फार ओळखीची वाटली. यंत्र बंद पडले आहे हे वाजवणाऱ्यांना कळलेही नसेल, ते वाजवत राहिले असतील आणि ते मधले स्वर त्या खोलीतल्या माणसांखेरीज कुणालाच मिळाले नाहीत.

आणि पुढचे अकरा दिवस. ६ जुलै १९६१ रोजी न्यूयॉर्क राज्यात रात्रीच्या वेळी लफारोची मोटार झाडावर आदळली आणि तो गेला. व्हॅनगार्डचा तो रविवार म्हणजे या त्रयीचे अखेरचे ध्वनिमुद्रण ठरले. इव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने पियानोला जवळजवळ हात लावला नाही. लफारो गेल्यानंतर कीपन्यूज आणि इव्हान्स यांनी पहिल्या तबकडीसाठी रचना निवडल्या त्या लफारोचे वादन ठळकपणे पुढे यावे अशाच हेतूने, आणि म्हणून ‘संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’च्या आरंभी आणि अखेरीस लफारोच्या स्वतःच्या दोन रचना आहेत, ‘ग्लोरियाज स्टेप’ आणि ‘जेड व्हिजन्स’. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही त्यामानाने इव्हान्सची तबकडी आहे. दोन्हींतले वादन एकाच दिवसाचे असूनही पहिलीवर शोकाची सावली आहे आणि दुसरीवर ती नाही, आणि हा फरक केवळ निवडीतून आणि क्रमातून आला आहे. मी नवख्या श्रोत्याला दुसरी तबकडी आधी घ्यायला सांगतो ते याचसाठी. लफारोच्या मृत्यूची बातमी कानात घेऊन ऐकायला बसले की प्रत्येक स्वर निरोपाचा वाटू लागतो, आणि तो तसा नव्हता. त्या दिवशी पंचवीस वर्षांचा एक मुलगा अतिशय आनंदात बास वाजवत होता.

संचाच्या शेवटी, रात्रीच्या तिसऱ्या फेरीत, ‘जेड व्हिजन्स’ लागोपाठ दोनदा वाजवलेली आहे. ही एक लहान, स्थिर, पाण्याच्या पृष्ठभागासारखी रचना आहे आणि त्रयीने ती दुसऱ्यांदा का वाजवली हे पहिली आवृत्ती ऐकल्यावर कळते, कारण पहिलीत ते अजून ती शोधत आहेत आणि दुसरीत त्यांना ती सापडली आहे. अशी गोष्ट तयार तबकडीवर कधीच ऐकायला मिळत नाही. रियाज आणि मैफल यांच्यामधली ती जागा आहे आणि तिच्यासाठी हा संच घ्यावा.

प्रत्यक्ष मैफल आणि ध्वनिमुद्रण यांची तुलना मी एकदाच करू शकलो आहे. या दोन वर्षांच्या मधल्या काळात पुलगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरून मी मुंबईला, नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, नोव्हेंबर अखेरीच्या जॅझ महोत्सवाला गेलो होतो. माझ्या आधीच्या पिढीतल्या रसिकांना १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’मध्ये सोनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक ऐकता आला. माझ्या वाट्याला एक पियानो त्रयी आली आणि मी तिच्यावर पूर्ण समाधानी आहे. तिथे मला पहिल्यांदा दिसले की बासवादक वाद्याला जवळजवळ मिठी मारून उभा असतो, त्याचा डावा हात मानेएवढ्या उंचीवरून कमरेपर्यंत येतो आणि खालच्या स्वरांची थरथर खुर्चीच्या लाकडातून पाठीला जाणवते. घरी आल्यावर मी ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ पुन्हा लावली तेव्हा लफारोच्या वादनात यापूर्वी न ऐकलेले आवाज ऐकू आले : तारेवरून बोट सरकल्याचा घासटा, स्वर सुटण्याआधीचा हलका खट्ट. ते ध्वनिमुद्रणात पहिल्यापासूनच होते. मी ते डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, म्हणून कानांना ओळखता आले नव्हते. ज्याला शक्य आहे त्याने आयुष्यात एकदा तरी समोर बसून डबल बास ऐकावा आणि मग या तबकडीकडे यावे.

व्हॅनगार्डमधली आणखी काही ध्वनिमुद्रणे इथे सांगावीशी वाटतात. रॉलिन्सने ३ नोव्हेंबर १९५७ रोजी याच तळघरात पियानोशिवाय, केवळ बास आणि ड्रम्सच्या साथीने वाजवले, आणि ते ऐकताना एकच माणूस केवढी मोकळी जागा व्यापू शकतो याचा अचंबा वाटतो. दुसरा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याने १९६१ च्याच नोव्हेंबरात तिथे ‘इंडिया’ वाजवले. नावामुळे आपल्या लोकांना त्याची ओढ वाटते आणि ती रास्त आहे, कारण एका स्थिर आधारस्वरावर स्वरांची भरती चढवत नेण्याची त्यातली रीत आपल्या ओळखीची आहे. तरीही मला असे वाटते की आपल्या संगीताच्या अधिक जवळ इव्हान्सची ही तबकडी आहे, जिला भारताशी नाते सांगायचेच नव्हते. स्वराला थांबू देणे आणि सोबत्याचे ऐकून मगच पुढचा शब्द उच्चारणे, हे आपल्या बैठकीत फार खोल रुजलेले आहे आणि या तबकडीत ते पहिल्या मिनिटापासून आहे.

आता वस्तू म्हणून तबकडी कशी आहे ते सांगतो. माझ्याकडची प्रत ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ या मालिकेतल्या नव्या आवृत्तीची आहे. ती १८० ग्रॅम वजनाची आहे आणि मूळ टेपवरून केविन ग्रे यांनी तिचे मास्टरिंग, म्हणजे छपाईपूर्वीचे ध्वनिसंस्करण, केले आहे. वेष्टन जाड पुठ्ठ्याचे, जुन्या पद्धतीने कागद चिकटवून केलेले आहे. मला ती साडेतीन हजारांच्या घरात पडली. ही रक्कम लहान नाही, आमच्याकडे तेवढ्यात बियाण्याच्या दोन-तीन पिशव्या येतात, आणि म्हणून मी ती घेण्यापूर्वी एक हंगाम थांबलो. आवाजाबद्दल मात्र पश्चात्ताप नाही. तबकडीचा पृष्ठभाग शांत आहे, आणि ज्या संगीतात शांततेला इतके मोल आहे तिथे ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. बास भरीव आहे पण फुगलेला नाही. दोन्ही बाजू मिळून वादन चाळीस मिनिटांहूनही कमी आहे. ज्यांना पैशाच्या मानाने संगीत किती मिळाले हे मोजायचे असेल त्यांना तीन सीडींचा संचच परवडेल. मला तो तबकडीपेक्षा बराच स्वस्त पडला आणि त्यात दिवसभराचे सगळे आहे.

पहिली प्रत नीट आली नव्हती, हे नमूद केले पाहिजे. आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही. ते तालुक्याला बसस्थानकाजवळच्या एका दुकानात ठेवले जाते आणि आपण जाऊन आणायचे असते. ते पुडके तिथे एप्रिल महिन्यात दोन दिवस उन्हाच्या बाजूला पडून राहिले. घरी आणून लावले तर तबकडी कडेला उचललेली होती आणि सुई प्रत्येक फेऱ्याला चढउतार करत होती, त्यामुळे ‘माय फूलिश हार्ट’चा प्रत्येक लांब स्वर हेलकावे खात होता. इतर संगीतात ते कदाचित खपले असते. इथे पियानोचा एकेक स्वर एवढा उघडा आहे की त्यात रेसभर फरक पडला तरी कानाला टोचतो. विक्रेत्याने दोन आठवडे पत्रव्यवहार करून, छायाचित्रे मागवून, शेवटी बदली प्रत पाठवली. ती मी ज्या दिवशी पोहोचली त्याच दिवशी भर दुपारी मोटरसायकलवरून, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून आणली. विदर्भातल्या रसिकांना माझी कळकळीची विनंती आहे की तबकडी मार्च ते जून या काळात मागवू नये, आणि मागवलीच तर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून पाठवण्याविषयी विक्रेत्याला आधीच लिहावे.

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकून मत बनवणाऱ्यांविषयी मला वाईट वाटते. डबल बासचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि त्या चिमुकल्या स्पीकरमधून तो बाहेर पडूच शकत नाही. अशा वेळी कानावर पडतो तो फक्त एक हळुवार पियानो, आणि ऐकणारा म्हणतो की छान आहे, पण हॉटेलात वाजते तसे आहे. तीनपैकी एक माणूस त्याने ऐकलेलाच नसतो, आणि नेमका तोच माणूस या तबकडीचा प्राण आहे. शेतात ऐकताना मी साधा वायरचा हेडफोन वापरतो. सीडीवरून मोबाइलमध्ये उतरवून घेतलेल्या रचना क्रमाने लागतील एवढी काळजी घेतली की पुरते. इंटरनेटवर हे संगीत सहज मिळते, पण फुकटच्या सेवेत ‘सम अदर टाइम’ संपता संपता मोठ्या आवाजात जाहिरात सुरू होते, आणि तो आघात ज्याने एकदा सोसला तो सीडी घेतल्याशिवाय राहणार नाही.

काकाजींना मी त्यांच्या नातवाच्या मोबाइलमध्ये पहिली बाजू उतरवून दिली आहे आणि सोबत हेडफोनही दिला आहे. परवा भेटले तेव्हा त्यांनी सांगितले की ते पहिलीच रचना ऐकतात, दुसरीकडे जातच नाहीत, आणि तिच्यातला एक उतरता तुकडा त्यांनी पेटीवर बसवायला घेतला आहे. काळी चारमध्ये तो बसत नाही, सूर बदलून पाहतो म्हणाले. ‘संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ची तबकडी मी यंदा कापसाचा पहिला वेचा विकला की मागवणार आहे, म्हणजे ती थंडीत पोहोचेल.